पाळण्याजवळची शाळा

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास सांगू लागले, की तो बहुधा शाळांचाच इतिहास होऊन बसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसला पहिली शाळा निघाली. आपल्याकडे १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला आणि १९०० मध्ये अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईस ती परंपरा आणली. परंतु शाळेत जाण्यापूर्वीची पाच-सहा वर्षे मूल काढते ते घरात. त्या घरातल्या आईबापांच्या जिवाची घालमेल इतिहासाला फार उशिरा दिसली.

लुई ब्रेल यांचे वडील कूव्रे या फ्रेंच खेड्यात घोड्यांचा साज तयार करीत. त्यांच्याच कारखान्यातील हत्याराने तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. वडील खचले नाहीत. त्यांनी फळीवर खिळे ठोकून अक्षरे तयार केली आणि लेकाचे बोट त्यांवरून फिरवले. पण असे सुचणारे बाप थोडे! १९१८ साली इंग्लंडात चोर्लीवुड येथे अंध बालकांसाठी ‘सनशाइन होम’ निघाले. हेतू दयेचाच होता. मात्र मूल घराबाहेर वाढणार, हे त्यात गृहीत होते.

पुढे १९४२ मध्ये बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांतील एका नव्याच अंधत्वाचे वर्णन केले. त्याचे कारण मोठे विदारक निघाले. ज्या प्राणवायूने या मुलांचे जीव वाचवले, त्याच्याच अतिरेकाने त्यांची दृष्टी नेली होती! मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये हा संशय मांडला. काही वर्षांतच अमेरिकेतील पाहणीने तो खरा ठरवला. तोवर जगभर सुमारे दहा हजार मुले अंध झाली होती.

१९६० नंतरच्या दशकात मिशिगन विद्यापीठातील सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध तान्ह्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी मुलांना इस्पितळात बोलावले नाही. त्या व त्यांचे सहकारी महिन्यातून दोनदा दहा बाळांच्या घरी जात, चित्रफिती घेत आणि आईशी बोलत बसत.

त्यांना जे दिसले ते साधे होते, पण जिव्हारी लागणारे होते. डोळस बाळ आईकडे टक लावून पाहते, आणि त्या नजरेनेच आई बांधली जाते. अंध बाळ आईची हाक ऐकून उलट स्तब्ध होते, कारण ते कान देऊन ऐकत असते. चेहरा मात्र कोरा! आईला वाटते, ‘याला मी नकोशीच आहे.’ मग तिची हाक कमी होते, उचलून घेणे कमी होते आणि बाळ अधिकच एकटे पडते.

फ्रायबर्ग सांगत : चेहरा पाहू नका, हात पाहा. आईचा आवाज आला, की चिमुकली बोटे काहीतरी शोधू लागतात. ते बाळाचे हसूच समजा. मुठी मिटून खांद्यांशी पडलेले हात छातीपाशी एकत्र आणा, टाळ्यांचे खेळ खेळा. डोळस मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दिसलेल्या वस्तूकडे हात नेते; आवाजाच्या रोखाने हात नेणे अंध मुलाला बहुधा पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात जमते, आणि रांगणे त्यानंतर. हे कळले, की ‘मूल मंद आहे’ ही धास्ती निवळे. मुलाची वाट वेगळी आहे, एवढे आईबापांना उमगे. हे सारे अनुभव १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. घरी जाऊन करण्याच्या या पद्धतीला फ्रायबर्ग पुढे स्वयंपाकघरातला मानसोपचार म्हणत.

तळहातावर बोट फिरवीत बाळाची मूठ उघडण्याचे खेळ आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या आहेत. तेव्हा या दिवाळीत नात्यागोत्यात असे एखादे मूल भेटले, तर त्याच्या आईपुढे हळहळत बसू नये. आधी बाळाला नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, मग त्याचा हात हाती घ्यावा आणि त्याची बोटे काय म्हणतात ते आईलाच विचारावे. तिला ते सांगायचे असते. विचारणारेच कमी भेटतात.