एकशे तेरा वर्षांचा अज्ञातवास

पिंगळा हा पक्षी मराठी माणसाला परका नाही. गावाबाहेरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत त्याचे बिऱ्हाड असते आणि दिवेलागण झाली की त्याचा कर्कश कलकलाट सुरू होतो. पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपल्या पूर्वजांनी पिंगळा हेच नाव दिले. पक्ष्याची भाषा त्याला कळते अशी समजूत होती. या नित्य परिचयाच्या पिंगळ्याला एक जवळचा भाऊबंद आहे. त्याचे नाव रानपिंगळा. भारताबाहेर तो जगात कोठेही आढळत नाही. हा रानपिंगळा एकशे तेरा वर्षे शास्त्राच्या दृष्टीने बेपत्ता होता आणि अखेर सापडला तो आपल्या नाशिक विभागात, शहाद्याजवळच्या रानात. तो हरवला कसा आणि सापडला कसा, हे वाचकांना सांगावे असे आम्हांस वाटते. कारण या हकिगतीत एका खऱ्या आणि एका खोट्या चिठ्ठीचा मोठा वाटा आहे.

आरंभ १८७२ सालचा आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात एफ. आर. ब्लुइट या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना गावाच्या परिसरात एक लहानसे घुबड टिपले. पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्याला ब्लुइट यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजेच १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ. भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाचा पायाही त्यांनीच घातला. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओडिशातील खरियार भागात आणखी एक पक्षी मिळाला. त्यानंतरची पाळी आपल्या खानदेशाची.

जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी. सरकारी कामानिमित्त मुलूख हिंडताना पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचा त्याला छंद होता. दख्खनच्या पक्ष्यांविषयी त्याने वेंडन या सहकाऱ्याबरोबर १८७८ मध्ये लेख लिहिला आणि पुढे पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादीही तयार केली. १८८० ते १८८४ या काळात तळोदा व शहादा या भागांत त्याने रानपिंगळ्याचे काही नमुने जमा केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्ष्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधली जाई. चिठ्ठीवर स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव. डेव्हिडसनने ही चिठ्ठी प्रामाणिकपणे लिहिली. हे जिन्नस संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन पडले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कोणाच्याच हाती लागला नाही. साऱ्या जगात मिळून त्याची सातच कातडी उरली.

त्या सातांपैकी एकाच्या चिठ्ठीवर निराळे नाव होते. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा इंग्रज लष्करी अधिकारी व पक्षितज्ज्ञ. सुरतकडील तापीकाठच्या मांडवी गावी ऑक्टोबर १९१४ मध्ये आपण हा पक्षी मिळविला, असे त्याने चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. माणूस मोठ्या नावाचा. त्याने १९५४ मध्ये अरबस्तानच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याचा जवळजवळ वीस हजार कातड्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला मिळाला. आपले डॉ. सलीम अली १९३७ मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या सफरीवर गेले होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर अविश्वास कोण दाखविणार? रानपिंगळा १९१४ पर्यंत तापीच्या खालच्या अंगाला होता, हे मग पुस्तकांतूनही मान्य झाले.

पुढे सत्तरच्या दशकात सलीम अली व अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. तो दिसला नाही. कधी कोणी छायाचित्र पुढे करी आणि तपासाअंती ते नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याचेच निघे. १९८७ मध्ये सलीम अली निवर्तले. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे अनेकांचे मत बनले होते.

कोडे सुटण्यास सुरुवात झाली ती रानात नव्हे, संग्रहालयात. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी माइनर्ट्झहागेनच्या काही नमुन्यांत लबाडी असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या डॉ. पामेला रासमुसेन दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथाची तयारी करीत असता याच संग्रहापाशी अडखळल्या. नायजेल कॉलर यांच्यासह त्यांनी मांडवीचा तो रानपिंगळा बारकाईने तपासला, त्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. कातडे एकदा उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा त्यात दिसल्या. मूळ बांधणीचे जे अवशेष उरले होते, ते डेव्हिडसनच्या हातच्या कामाशी जुळत होते. शिवाय डेव्हिडसनचा एक नमुना संग्रहालयातून नाहीसा झालेला होताच. माइनर्ट्झहागेनने तो चोरला, नव्याने शिवला आणि वर आपली खोटी चिठ्ठी बांधली, हा निष्कर्ष १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. चोर १९६७ सालीच मरण पावला होता; त्याची खोटी साक्ष मात्र त्याच्यामागे तीस वर्षे बोलत राहिली.

मांडवी खोटी ठरल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. त्यांवर विसंबून नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी पुष्कळ दिवस फिरूनही हाती काही लागले नाही. मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, लख्ख उन्हात, शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर बेन किंग यांना एक लहानसे घुबड बसलेले दिसले. माथ्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, चोच दणकट, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. डेव्हिडसनने जेथे असल्याचे लिहिले होते, तेथेच रानपिंगळा बसला होता.

या पक्ष्याचे वर्तनही घुबडाविषयीच्या आपल्या कल्पना उलट्या करणारे आहे. घुबड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रात्र उभी राहते. रानपिंगळा मात्र दिवसा वावरतो. सकाळच्या उन्हात झाडाच्या शेंड्यावर उघडा बसतो, सावज हेरताना शेपटी जोरजोराने हलवितो आणि सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे, लहान पक्षी यांवर झेप घेतो. एरवी तो इतर घुबडांसारखाच. डोळे खोबणीत पक्के बसलेले असल्याने त्याला बाजूला पाहायचे तर सबंध मान वळवावी लागते. म्हणूनच घुबडाच्या मानेत आपल्या दुप्पट, म्हणजे चौदा मणके असतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी पुढील काळात त्याचा अभ्यास केला, तेव्हा एक विलक्षण गोष्टही त्यांना आढळली: एका नराने आपलीच पिल्ले खाल्ली. निसर्ग आपल्या सोयीची बोधकथा सांगत नाही, हे अभ्यासकाला मानावे लागते.

त्यानंतर सातपुड्यात तोरणमाळपासून मेळघाटपर्यंत रानपिंगळ्याची ठिकाणे सापडली. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे आपला कसारा घाट उतरला की जी राने लागतात तेथे. आणि २०१५ मध्ये सुरगाण्याला लागून असलेल्या डांग जिल्ह्यात. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आणले गेले. ही सुधारणा समाधानाची असली, तरी त्याचे सागाचे रान तुटत आहे, आणि घुबडाला अपशकुनी किंवा जादूटोण्याचे साधन मानून मारणारे हात अजून थांबलेले नाहीत. शेंड्यावर उन्हात उघडा बसणारा पक्षी मारणाऱ्याच्या दृष्टीस फार लवकर पडतो.

धर्मग्रामांत काम करणारी आम्ही मंडळी रोज नोंदवह्या हाताळतो. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू, प्रत्येक ओळीत नाव, गाव व दिनांक. लिहिताना ते कंटाळवाणे काम वाटते. पण पन्नास वर्षांनी कोणी नातू आजोबांचा माग काढीत येतो, तेव्हा त्याला त्या एका ओळीचाच आधार असतो. ओळ खोटी असली तर तो भलत्या गावी जाईल, तेथे कोणी सापडणार नाही आणि आपले मूळ नाहीसे झाले असे समजून परत फिरेल. रानपिंगळ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. माइनर्ट्झहागेन विद्वान होता, धाडसी होता, जगभर हिंडलेला होता. आज पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतून त्याच्या नोंदी एक एक करून तपासून वगळाव्या लागत आहेत. डेव्हिडसनचे नाव शहाद्यात आज कोणाला ठाऊकही नसेल. त्याने इतकेच केले, की पक्षी जेथे मिळाला तेच गाव चिठ्ठीवर लिहिले.