अणे, माधव श्रीहरी

(२९ ऑगस्ट १८८० – २६ जानेवारी १९६८). वऱ्हाडातील वकील, टिळकपक्षीय नेते, केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य व पुढे नागपूरचे खासदार. ‘लोकनायक बापूजी’ या नावाने परिचित. जन्म वणी (जि. यवतमाळ) येथे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी अमरावतीत काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली सुरू केली.

टिळकांमुळे ते होमरूल चळवळीत आले, मात्र गांधीयुगातही त्यांचा पिंड प्रतिसहकारवाद्यांचाच, म्हणजे कायदेमंडळात शिरून प्रसंगानुसार सरकारशी सहकार्य वा विरोध करणाऱ्यांचाच, राहिला. १९२४ पासून ते मध्यवर्ती विधानसभेत होते. १९२८ च्या नेहरू अहवालावर त्यांची सही आहे. १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला, पण वऱ्हाडाला समुद्र नाही, तेव्हा मिठाचा कायदा मोडायचा कुठे? त्यावर तोडगा जंगल सत्याग्रहाचा निघाला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून अण्यांनी अटक करवून घेतली. कायद्याचे कलम पाठ असलेल्या माणसाने तेच कलम उघडपणे मोडावे, यात त्या काळच्या वकिलांचे राजकारण दिसते. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते.

वर्षभरातच ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यावर (धर्म व जातीनुसार विभक्त मतदारसंघ देणाऱ्या निर्णयावर) काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका न पटल्याने त्यांनी मालवीयांसह काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींच्या उपोषणाच्या वेळीही सरकार गांधीजींना सोडेना, म्हणून मंडळातील सहकारी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी त्याच सरकारचे सिलोनमधील प्रतिनिधीपद त्यांनी पत्करले, हे टीकाकारांना खटकले तर नवल नाही. पुढे ते संविधान सभेचे सदस्य व १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. पाटण्यात मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ज्या रस्त्यावर आहे, तो अणे मार्ग त्यांच्याच नावाचा.

वऱ्हाड व नागपूर विभाग मिळून स्वतंत्र विदर्भ राज्य व्हावे हा आग्रह मात्र त्यांनी कधी सोडला नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. त्या नाराजीच्या बळावर ऐंशीच्या उंबरठ्यावरचे अणे १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपुरातून लोकसभेवर गेले. १९६२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून ते अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. या विजयाने विदर्भ राज्य काही मिळाले नाही, पण काँग्रेसच्या भर अमलात या प्रश्नावर नागपूरकरांचा कौल नोंदवला गेला.

१९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. लोकमान्यांवर त्यांनी रचलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.