वाहनांच्या रंगदुरुस्ती व्यवसायाचा ऐतिहासिक आढावा : विशेष संदर्भ भंडारा जिल्हा

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याची औद्योगिक ओळख धातूशी निगडित आहे. 'भाण' म्हणजे पितळी भांडे, यावरून 'भंडारा' हे नाव पडले असे लोकपरंपरा सांगते आणि पितळी भांड्यांचे शहर म्हणूनच भंडाऱ्याचा लौकिक आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी, जवाहरनगर येथील आयुध निर्माणी (१९६४), गडेगाव येथील अशोक लेलँडचा कारखाना (१९८२) आणि वरठी येथील सनफ्लॅग पोलाद कारखाना हे या धातुपरंपरेचे नंतरचे टप्पे होत. जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात या सर्वांची नोंद आढळते. मात्र हा इतिहास प्रामुख्याने वस्तू घडविण्याचा आहे. घडविलेल्या वस्तूचा पृष्ठभाग राखणारे, त्यावरील ओरखडे, डाग व गंज दूर करणारे कारागीर त्यात क्वचितच दिसतात.

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ (२०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्रमांक ५३) हा भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो. या महामार्गाच्या कडेला 'डेंटिंग-पेंटिंग' असा फलक लावलेली दुकाने प्रवाशाच्या नित्य परिचयाची आहेत. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या तंत्राचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. वाहनाच्या रंगाचा इतिहास सामान्यतः रसायनांचा व कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो; परंतु रंगदुरुस्तीचा इतिहास हा मूलतः हाताच्या कौशल्याचा इतिहास आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

कलहई : पृष्ठभाग राखण्याची जुनी परंपरा

मोटार येण्यापूर्वी या जिल्ह्यातील घराघरांत धातूचा पृष्ठभाग राखण्याच्या दोन क्रिया रूढ होत्या. पहिली घासण्याची. पितळी भांड्यावर हवेने काळसर थर चढतो. तो चिंच, लिंबू किंवा राख लावून घासला असता निघून जातो. या क्रियेत भांड्याला काहीही जोडले जात नाही, उलट धातूचा अतिशय सूक्ष्म थर झिजतो. दुसरी क्रिया कलहईची. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट पदार्थ ठेवल्यास तो कळकतो. म्हणून कलहईकर भांडे स्वच्छ करून भात्याच्या विस्तवावर तापवीत, त्यात नवसागर टाकून धातूवरील मळ सोडवीत आणि कथिलाचा तुकडा टेकवून वितळलेले कथील कापसाने आतून सर्वत्र फिरवीत. येथे जुन्या पृष्ठभागावर नवा थर चढविला जातो.

काढणे आणि चढविणे या दोन क्रियांतील भेद महत्त्वाचा आहे, कारण वाहनाच्या रंगदुरुस्तीचे संपूर्ण शास्त्र याच भेदावर उभे आहे. कोणता दोष घासून जाईल आणि कोणत्या दोषासाठी नवा थर द्यावा लागेल, हे ओळखणे हेच कारागिराचे पहिले कसब होय. कलहईकर व वाहनांचा पेंटर यांच्यात वंशपरंपरेचा संबंध होता असे येथे सुचवायचे नाही. साम्य आहे ते कामाच्या स्वरूपात आणि समाजाने त्या कामाला दिलेल्या दुय्यम स्थानात.

जवस, लाख आणि नायट्रोसेल्युलोज

मोटारीच्या आरंभकाळात तिच्यावर घोडागाडीचाच रंग दिला जात असे. हा रंग जवसाच्या तेलावर आधारलेला असे. तो कुंचल्याने थरावर थर देऊन लावीत आणि प्रत्येक थर वाळल्यावर घासून पुढचा थर देत. या कामास कित्येक आठवडे लागत. घाऊक उत्पादनाला हा विलंब परवडणारा नव्हता. फोर्ड कंपनीने १९१४ ते १९२५ या काळात आपली 'मॉडेल टी' केवळ काळ्या रंगात विकली, यामागे उत्पादनाची गती व काटकसर हीच कारणे प्रामुख्याने सांगितली जातात.

ही कोंडी फोडली ती युद्धसाहित्याने. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे नायट्रोसेल्युलोज हे धूररहित बंदुकीच्या दारूचे मूळ द्रव्य होय. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीकडे या द्रव्याची प्रचंड उत्पादनक्षमता शिल्लक राहिली. त्यातून १९२३ मध्ये 'ड्यूको' हा झटपट वाळणारा रंग बाजारात आला आणि जनरल मोटर्सने तो प्रथम आपल्या 'ओकलंड' मोटारीवर वापरला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि कुंचल्याची जागा फवारणीच्या गनने घेतली. भारतातील कारागीर आजही नायट्रोसेल्युलोज रंगाला 'एन.सी.' किंवा 'ड्यूको' म्हणतात. एका कंपनीचे व्यापारी नाव येथे कामाच्या पद्धतीचेच नाव झाले आहे.

या तिन्ही द्रव्यांचा भंडारा जिल्ह्याशी असलेला संबंध लक्षणीय आहे. जवस हे धानाच्या बांधीत मागाहून घेतले जाणारे येथील रब्बी पीक. पळस व कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जातात आणि लाकडाला चकाकी देणारे 'स्पिरिट पॉलिश' लाखेपासूनच तयार होते. 'लॅकर' हा शब्ददेखील 'लाक्षा' व 'लाख' या भारतीय शब्दांतूनच पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला. नायट्रोसेल्युलोज तर जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांच्या प्रणोदकांसाठी वापरले जाते. वाहनांचा रंग मात्र मुंबईसारख्या औद्योगिक केंद्रांतील कारखान्यांतून तयार होऊन डब्यांत भरून आला. म्हणजे ज्या द्रव्यांचे धागे या मातीत होते, त्यांच्यापासून घडलेला तयार माल जिल्ह्याने बाहेरून घेतला. जिल्ह्याची स्वतःची भर पडली ती केवळ हाताच्या श्रमाची.

पत्र्याच्या गाडीपासून पारदर्शक थरापर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात अनेक दशके भारतीय रस्त्यांवर ॲम्बॅसडर (१९५७ पासून) व फियाट, म्हणजे पुढील 'प्रीमियर पद्मिनी', याच मोटारींचे प्राबल्य होते. त्यांचा पत्रा जाड, रंग एकसंध आणि बंपर क्रोमचा मुलामा दिलेला लोखंडी असे. पोचा आल्यास एका बाजूने लोखंडी ठोकळा धरून दुसऱ्या बाजूने हातोडीने पत्रा सरळ करीत. त्यावर प्रायमर, उरलेल्या खळग्यांत पुट्टी, पाणी लावून पॉलिश पेपरने घासणे आणि शेवटी गनने रंग असा क्रम असे. रंग एकाच जातीचा असल्याने वरवरचा ओरखडा रबिंग कंपाउंडने घासला की रंगाचा ताजा थर उघडा पडून चकाकी परत येई.

या कामावर भंडाऱ्याच्या हवामानाचा विशेष परिणाम होत असे. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १,३०० मि.मी. पाऊस पडतो आणि तळ्यांचा जिल्हा म्हणून तो ओळखला जातो. एन.सी. रंगातील थिनर अतिशय वेगाने उडतो, त्यामुळे रंगाचा पृष्ठभाग एकाएकी थंड होतो आणि दमट हवेतील पाणी त्यावर साचून पांढरट झाक येते. म्हणून पावसाळ्यात सावकाश उडणारा थिनर वापरणे, दुपारची उघडीप साधणे किंवा दिव्याची ऊब देणे असे उपाय करावे लागतात. उलट वैशाखातील उन्हात रंग पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच हवेत सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. हंगामानुसार थिनरचे प्रमाण बदलण्याचे हे ज्ञान कारागीर उस्तादाच्या हाताखाली राहूनच मिळवीत.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी बनावटीच्या मोटारी वाढल्या. त्यांच्याबरोबर दोन थरांची रंगपद्धती रूढ झाली. खालचा थर रंगाचा आणि वरचा पारदर्शक, म्हणजे 'क्लिअर कोट'. कारखान्यात दिलेल्या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याइतकीच असते आणि पारदर्शक थर तर तिचा एक भागच असतो. साहजिकच घासण्याला मर्यादा पडली. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही तर दोष वरच्या थरापुरता आहे व तो घासून जाईल. नख अडकले तर तो खोलवर गेला आहे, तेथे नवा रंग द्यावा लागेल, ही सोपी कसोटी कारागीर वापरतात. अशा गाडीला रबिंग करताना ओरखडा भरला जात नाही, तर त्याच्या कडेचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. तोच भाग वारंवार घासल्यास पारदर्शक थर संपतो आणि तो पुन्हा रंगविल्याशिवाय परत येत नाही. पितळी तांब्या पिढ्यान्‌पिढ्या घासला तरी चालत असे. नव्या मोटारीला ती मुभा नाही.

बाह्य सजावटीच्या भागांतही असाच बदल झाला. क्रोमच्या बंपरऐवजी प्लॅस्टिकचे बंपर आले. काळे प्लॅस्टिक उन्हातील अतिनील किरणांनी पांढुरके पडते. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही. त्यास वेगळा प्रायमर लागतो. तडा गेलेला बंपर तापलेल्या हत्याराने सांधावा लागतो. हातोडी चालविणाऱ्या कारागिराला प्लॅस्टिकची जात ओळखणे नव्याने शिकावे लागले.

रंग जुळविण्याचे काम तर अधिकच कठीण झाले. कारखान्याचा रंगक्रमांक ठाऊक असला तरी पाच वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग त्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत नाही. धातूच्या चमकीच्या रंगात हवेचा दाब व गनचे अंतर यांवरूनही छटा बदलते. यंत्राने रंग मोजण्याची सोय मोठ्या सेवाकेंद्रांत झाली असली, तरी नवा रंग शेजारच्या भागात विरवून सांधा दिसेनासा करणे हे शेवटी डोळ्याचे व मनगटाचेच काम राहिले आहे.

श्रमाचे मूल्य आणि त्याची नोंद

या श्रमाचे मोजमाप एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. भारतातील मोटार विम्याच्या प्रमाणित मसुद्यात रंगकामाबाबत अशी तरतूद आहे की, ५० टक्के घसारा केवळ रंगसाहित्याच्या किमतीवर आकारावा आणि एकत्रित देयक असल्यास साहित्याचा भाग एकूण रकमेच्या २५ टक्के धरावा. म्हणजे रंगकामाचे देयक १०,००० रुपयांचे असेल तर त्यात साहित्य २,५०० रुपयांचे मानले जाते व घसारा १,२५० रुपये कापला जातो. ही तरतूद हिशेबाच्या सोयीसाठी असली, तरी तिचा गर्भितार्थ स्पष्ट आहे. रंगकामातील तीन चतुर्थांश भाग साहित्याव्यतिरिक्तचा, म्हणजे मुख्यतः श्रमाचा आहे आणि त्या श्रमावर घसारा लागत नाही.

ज्या श्रमाला विम्याचा हिशेब असे मान्य करतो, त्याची दखल अन्यत्र फारशी घेतली गेलेली नाही. केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हाच्या १८ व्यवसायांच्या यादीत लोहार, सोनार, कुंभार यांचा समावेश होता. परंतु पितळी भांडी घडविणारे कासार त्यात नव्हते आणि वाहनांचे पेंटरही नव्हते. औद्योगिक प्रशिक्षण योजनेत 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' हा अभ्यासक्रम आहे. तथापि रस्त्याकडेच्या दुकानांत हे काम बहुधा उस्ताद-शागीर्द पद्धतीनेच शिकले जाते.

आरोग्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. दोन घटक मिसळून वापरल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्यामुळे व्यवसायजन्य दमा होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्रात प्रस्थापित आहे. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफेला अडवू शकत नाही. रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे २०१६ चे केंद्रीय नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. वाहनांचे रंग त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. भिंतीच्या रंगाला लावलेली कसोटी, जुना रंग दिवसभर घासणाऱ्या कारागिराच्या श्वासापर्यंत पोहोचलेली नाही.

निष्कर्ष

१. भंडारा जिल्ह्याच्या धातुपरंपरेत वस्तुनिर्मितीइतकीच पृष्ठभाग राखण्याची परंपराही जुनी आहे. कलहई व वाहनांची रंगदुरुस्ती ही तिची दोन रूपे होत.

२. रंगाचे रसायन बदलले तसे कौशल्य नष्ट झाले नाही, तर स्थलांतरित झाले. कुंचल्यावरून ते गनवर आले, हातोडीवरून प्लॅस्टिकच्या जोडकामावर आणि घासण्यावरून छटा विरविण्यावर.

३. या व्यवसायातील मूल्याचा मोठा भाग श्रमाचा असूनही शासकीय याद्या व स्थानिक इतिहासलेखन यांत त्यास पुरेसे स्थान मिळालेले नाही. महामार्गावरील जुन्या कारागिरांच्या मौखिक इतिहासाचे संकलन तातडीने व्हावयास हवे.

४. वाहनांच्या रंगांतील शिसे व आयसोसायनेट यांपासून कारागिरांचे रक्षण करणारे नियम आणि योग्य श्वसनमुखवटे लहान दुकानांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

समारोप

कलहईकराची हाक भंडाऱ्याच्या गल्ल्यांतून विरत गेली, कारण स्टेनलेस स्टीलने त्याचे कामच काढून घेतले. त्याच्या हातातील ज्ञान कोणी लिहून ठेवावे असे फारसे कोणास वाटले नाही. वाहनांच्या पेंटरचे काम आज चालू आहे, म्हणूनच ते नोंदविण्याची संधीही शिल्लक आहे. उत्तम रंगदुरुस्तीची कसोटी अशी की, ती झाल्याचे पाहणाऱ्यास कळू नये. कामाच्या या यशामुळेच कारागीर दिसेनासा झाला असेल, तर त्याला दृष्टीस आणून देणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.