नॉकिंगचे निदान आणि शिशाचा उतारा

गॅस स्टेशनवर ८७, ८९ हे ऑक्टेनचे आकडे आपण नेहमी पाहतो. पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही, हे ते सांगतात. त्यामागचा इतिहास मात्र सुखाचा नाही.

१९१२ च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरचे इग्निशन दिले. चढावर इंजिन ठकठकू लागले की लोक त्या इग्निशनला दोष देत. १९१६ साली ओहायोतील डेटन येथे केटरिंग यांनी हे काम तरुण इंजिनिअर टॉमस मिजली यांच्यावर सोपवले. ठिणगीआधीच पेट्रोल पेटते, असा समज होता. मिजलींना आढळले की ठोका ठिणगीनंतर बसतो. उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम भडकते. दोष इंधनात होता. निदान अचूक ठरले.

उतारा सापडला डिसेंबर १९२१ मध्ये: टेट्राएथिल लेड. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे त्यांना ठाऊक होते. पण शिसे चिमूटभर पुरे आणि त्याचे पेटंटही मिळे. ते 'इथिल' नावाने विकले गेले. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरी विक्री पुढे चालू राहिली, आणि धुरातले शिसे मुलांच्या मेंदूपर्यंत पोचले.

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ मध्ये बंद झाले, भारतात २००० मध्ये आणि शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. इंजिनाचा ठोका पाच वर्षांत थांबला; उताऱ्याचे विष उतरवायला शंभर वर्षे लागली.