३० पौंडांचा बेस

गेल्या शनिवारी दुकानात ३४ इंची बेस हातात घेतला आणि पाच मिनिटांत डावा हात भरून आला. शेजारीच एक आखूड, अर्धपोकळ, बराच स्वस्त बेस होता. पण ‘हे नवशिक्यांचं खेळणं’ असं डोक्यात पक्कं बसलेलं! घरी येऊन इतिहास चाळला.

३४ इंचांचं माप रूढ केलं फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसने. गिब्सनचा अर्धपोकळ ईबी-२ आला १९५८ साली: साडेतीस इंची, बाजू पोकळ, मध्ये भरीव ठोकळा, म्हणजे फीडबॅक कमी.

आणि १९६१ मध्ये हॅम्बुर्गला पॉल मॅकार्टनीने काय घेतलं? फेंडर साधारण १०० पौंडांना, परवडेना. म्हणून ३० पौंडांचा, ३० इंची, पूर्ण पोकळ हॉफनर. आकार दोन्हीकडून सारखा, त्यामुळे डावखुऱ्या हातातही विचित्र दिसेना. बीटल्सचा पहिला अल्बम त्याच बेसवर वाजला. १९७२ ला चोरीला गेलेला तो बेस परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा जगभर बातमी झाली.

गणितही सोपं आहे राव. तार तीच, सूर तोच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. ३४ चे ३० इंच केले की ताण सुमारे २२ टक्के कमी.

म्हणजे तडजोड वगैरे काही नाही. काल जाऊन आखूडच घेतला. हात दुखत नाही. आता फक्त वाजवता यायला हवं!