मतदार आणि मतदानयंत्र : मानव-यंत्र आंतरक्रियेच्या इतिहासातील एक प्रकरण

मानव-संगणक आंतरक्रिया हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकविताना त्याचा प्रारंभ बहुधा संगणकाच्या पडद्यापासून केला जातो. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला. वापरणाऱ्याने आज्ञा लिहून देण्याऐवजी पडद्यावरील चित्राकडे निर्देश करावा, अशी त्याची योजना होती. हा इतिहास खरा असला तरी अपुरा आहे. अक्षरज्ञानावर अवलंबून न राहता केवळ चित्र ओळखून आपला हेतू एका यंत्रणेपर्यंत पोहोचविण्याचा फार मोठा प्रयोग भारतात त्यापूर्वी तीस वर्षे झाला होता. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्याच्या दृष्टीने त्या प्रयोगाचा विचार करणे उद्बोधक ठरते.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हदगाव निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू, तर घरची आणि शेताची भाषा मराठी. अशा प्रदेशातील प्रौढ स्त्रीपुरुषांना १९५१-५२ साली एकाच वेळी मताधिकार बजावावयाचा होता. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे देशातील प्रमाण शेकडा सुमारे १८ होते. तेव्हा मत देण्याची रीत अशी असणे आवश्यक होते की, तीत वाचावे लागू नये आणि लिहावेही लागू नये. सुकुमार सेन यांच्या नेतृत्वाखालील निवडणूक आयोगाने त्यासाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र ठेवली व तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच काम होते. बैलजोडी, झोपडी, दिवा ही चिन्हे शेतकऱ्याच्या नित्य परिचयातील होती. स्मरण करण्यापेक्षा ओळखणे सोपे, हे आजच्या पाठ्यपुस्तकातील तत्त्व येथे व्यवहारात उतरले होते.

या रचनेत दोन उणिवा होत्या. उमेदवार वाढले की पेट्याही वाढत. शिवाय मतपत्रिकेवर कोणतीही खूण नसल्याने ती पेटीत न टाकता बाहेर नेणे शक्य होते. म्हणून पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांनंतर ही पद्धत मागे पडली आणि सर्व नावे व चिन्हे असलेली एकच मतपत्रिका व शिक्का यांचा अवलंब झाला. शिक्क्यावरील बाणांच्या फुलीचा आकार विचारपूर्वक ठरविलेला होता. घडी घालताना ओली शाई समोरच्या भागास लागली, तर तेथे उमटणारी फुली उलट दिशेची असे. त्यामुळे खरी खूण कोणती हे मोजणाऱ्यास कळे. मतदाराकडून होणारी चूक गृहीत धरून तिचा परिणाम टाळणारी ही योजना होती. तथापि शिक्का दोन रकान्यांच्या सीमेवर पडला की हेतू संदिग्ध होई आणि मत बाद ठरे. एवढ्या अंतराच्या चुकीसाठी मताधिकार व्यर्थ जावा, हा दोष मतदाराचा की कागदाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

मतदानयंत्राने या प्रश्नास एक उत्तर दिले. हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ मध्ये यंत्राचा पहिला नमुना तयार केला. १९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर यंत्राचा प्रथम उपयोग झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो अवैध ठरविला, व पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. यंत्राच्या बाह्यरचनेचे काम पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवय्या या अध्यापकांनी केले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रेच वापरली गेली. त्यांत हदगावचा मतदारही आला.

यंत्राच्या रचनेत या विषयाची प्रमुख तत्त्वे एकत्र आढळतात. नाव, चिन्ह आणि निळे बटन एकाच ओळीत असल्याने कोणते बटन कोणाचे, याविषयी शंका उरत नाही. बटन दाबताच लाल दिवा लागतो व लांब ध्वनी होतो; केलेली कृती पोहोचल्याची ती पोच होय. एक बटन दाबल्यावर दुसरे चालत नाही, आणि मतदान अधिकाऱ्याने नियंत्रण युनिटवरून मोकळीक दिल्याखेरीज पुढचे मत नोंदत नाही. मत बाद होण्याची शक्यताच अशा रीतीने दूर केली आहे. केलेली कृती मागे घेण्याची सोय, जी कार्यालयीन संगणकात अत्यावश्यक मानली जाते, ती मात्र येथे नाही.

ओळीच्या या साध्या मांडणीचे मोल २००० सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत दिसून आले. फ्लॉरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात उमेदवारांची नावे दोन्ही पानांवर व भोके मध्यभागी होती. डाव्या पानावरील दुसऱ्या नावाचे भोक क्रमाने तिसरे होते. तेथे एकाहून अधिक भोके पाडल्याने १९,००० हून अधिक मते बाद झाली. संपूर्ण राज्याचा निकाल ५३७ मतांच्या फरकाने लागला. तेथील मतदार साक्षर होता. चुकली ती मांडणी.

भारतातील रचना निर्दोष आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते, तर काही ठिकाणी अपक्षांना नुसत्या वाद्याचे चिन्ह मिळाले. साताऱ्यात अशा अपक्षास ३७,०६२ मते पडली. विजयाचे अंतर ३२,७७१ होते. ही मते गैरसमजाने पडली, असे आकड्यांवरून सिद्ध होत नाही. परंतु दोन चिन्हे वेगळी असणे आणि ती घाईत वेगळी दिसणे या भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरी उणीव संख्येची आहे. हदगाव ज्या हिंगोली लोकसभा मतदारसंघात मोडते, तेथे २६ एप्रिल २०२४ रोजी ३३ उमेदवार होते. ‘नोटा’ धरून ३४ ओळी झाल्या. एका मतदान युनिटवर १६ ओळी मावतात; म्हणजे तीन युनिटे लागतात आणि तिसऱ्यावर शेवटचा उमेदवार व ‘नोटा’ एवढेच उरतात. नावांचा क्रम मान्यताप्राप्त पक्ष, अन्य नोंदणीकृत पक्ष आणि अपक्ष असे तीन गट पाडून प्रत्येकात वर्णानुक्रमे लावतात. जो वाचू शकत नाही त्यास या क्रमाचा काहीच आधार नाही. त्याला चिन्हेच एकामागून एक पाहावी लागतात. पेट्यांची रांग वाढण्याची १९५२ ची अडचण बटनांच्या रूपाने पुन्हा समोर आली आहे. त्यानंतर पडताळणीची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत त्याला तेवढ्या अवधीत चिन्हावरूनच आपले मत ओळखावे लागते.

यंत्राच्या विश्वासार्हतेविषयीचा वाद हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने येथून एवढे घ्यावयाचे की, प्रत्येक रचना चुकीचा भार कोणावर तरी टाकते. पेटी, शिक्का आणि बटन या तीन टप्प्यांत तो भार हळूहळू मतदाराकडून रचनेकडे सरकला. चिन्हांच्या गर्दीत तो पुन्हा मतदाराकडे परत येत नाही ना, हे पडद्यापुढे बसून कळणार नाही. त्यासाठी हदगावसारख्या ठिकाणी मतदान करणाऱ्या वृद्ध, निरक्षर आणि अंधदृष्टीच्या मतदारांसह नमुना-यंत्रावर पद्धतशीर निरीक्षण करावे लागेल. चौतीस ओळींतून आपली ओळ शोधण्यास किती वेळ लागतो, बोट कोठे अडते आणि चिठ्ठी पाहिल्यावर समाधान होते की संशय उरतो, ही त्या निरीक्षणाची पहिली तीन प्रश्नस्थाने होत.