केवलादेवच्या म्हशी

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे पक्ष्यांचे विख्यात आश्रयस्थान निसर्गाइतकेच माणसानेही घडविलेले आहे. गंभीर व बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अडविण्यासाठी अठराव्या शतकात राजा सूरजमल याने अजान बांध घातला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने तेथील सखल भूमीत बंधारे व पाट काढून बदकांच्या शिकारीची सोय केली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा अभिमानाने शिळेवर कोरलेला आहे.

या सर्व काळात भोवतालच्या गावांची गुरे तेथे चरत होती. त्यांची दखल मात्र कोणी घेतली नव्हती. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळताच त्यांच्याकडे लक्ष गेले, ते उपद्रव म्हणून. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. पक्षितज्ज्ञांचा कौल, खुद्द सलीम अलींचाही, बंदीच्याच बाजूने होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यात माणसे ठार झाली. पक्ष्यांच्या इतिहासात या मृत्यूंचा उल्लेख सहसा ओझरताच येतो.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८० पासून दहा वर्षे येथे अभ्यास चालविला होता. त्यामुळे बंदीपूर्वीची व बंदीनंतरची अशा दोन्ही अवस्था त्याच्या कक्षेत आल्या. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाने जे दाखविले, ते बंदीच्या पुरस्कर्त्यांना अनपेक्षित होते. उथळ पाण्यात पॅस्पॅलम नावाचे गवत झपाट्याने फोफावते. म्हशी पाण्यात शिरून ते खात, आणि त्यामुळे बदकांना उतरण्याजोगे मोकळे पाणी शिल्लक राही. गवताने सूर्यापासून घेतलेली ऊर्जा म्हशीच्या पोटातून जाई आणि तिचा काही अंश शेणाच्या रूपाने तळ्यात परत येई. त्या शेणावर शेवाळ व कीटक पोसले जात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर बगळे व करकोचे. म्हशी गेल्या आणि ती ऊर्जा गवतातच अडकून पडली. गवत माजले, कुजले, मोकळे पाणी आकसले आणि मासेही घटले. पाणथळीला धोका मानलेला प्राणी तिच्या अन्नसाखळीतील एक कडी ठरला. चराईला पुन्हा मर्यादित वाव द्यावा, असे अभ्यासकांचे मत पडले. बंदी मात्र उठली नाही.

येथे हिवाळ्यात येणाऱ्या सायबेरियन क्रौंचांची अखेरची जोडी २००१-०२ मध्ये दिसली. त्यांच्या लोपाचा दोष केवळ गवताला देणे अन्याय्य होईल. प्रवासमार्गावरील शिकारीने त्यांची संख्या आधीच क्षीण केली होती.

गवत हटविण्यासाठी पुढे गावकऱ्यांनाच विळे घेऊन आत येण्याची मुभा देण्यात आली. कापलेले भारे ते डोक्यावरून घरी नेतात. म्हशी आता गोठ्यात ते गवत खातात, आणि त्यांचे शेण उद्यानाच्या भिंतीबाहेर पडते.